मान्यताप्राप्त एदिक-ओदिक

बीकर हा मनमिळाऊ गडी. त्याच्या अंगावर ५०, १००, १५० अशा रेघा असतात, पण त्या फारशा मनावर घेऊ नका असे तो स्वतःच सांगतो. रेघांच्या शेजारी बारीक अक्षरांत ‘अंदाजे’ अशी कबुली छापलेली असते, आणि पाच टक्के इकडे-तिकडे झाले तरी त्याची तक्रार नसते. शंक्वाकृती चंबू त्याहून दिलदार. त्यात काय ओतले, किती ओतले, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. मनगटाने गरगर फिरवले की तो खूश. मेजरिंग सिलिंडर हा कारकून. अंगभर रेघा, काम बेताचे.

आणि मग वरच्या फळीवर, बुचे घट्ट लावून, कुणाशी न बोलता उभे असलेले व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क. खाली गरगरीत पोट, वर लांब सडपातळ मान, आणि त्या मानेभोवती एक रेघ. एकच. शंभर मिलीच्या फ्लास्कला फक्त शंभर येते. नव्व्याण्णव मागा, येत नाही. पन्नास मागा, तर पन्नासचा वेगळा आणा म्हणतो. एवढी जागा अडवायची आणि उभ्या आयुष्यात एकच आकडा बोलायचा! अशी माणसे आपल्या ओळखीत असतात आणि आपण त्यांना घरी बोलवत नाही. प्रयोगशाळेचा सगळा कारभार मात्र यांच्याच शब्दावर चालतो.

मान बारीक का, याचे उत्तर हिशेबाचे आहे. पाच सेंटिमीटर व्यासाच्या बीकरमध्ये पाण्याची पातळी एक मिलिमीटर चुकली, तर जवळजवळ दोन मिलीचा घोटाळा होतो. बारा मिलिमीटर रुंदीच्या मानेत तीच चूक ०.११ मिलीवर आटोपते. माणसाचा डोळा दोन्हीकडे तेवढाच चुकार. त्याला सुधारण्याच्या भानगडीत न पडता, चुकायला जागाच कमी ठेवली आहे. पोटात माल, मानेत हिशेब.

या हेकट वस्तूशी माझा संबंध आला तो हावड्याला.

महाराष्ट्रात हावडा हे गाव नसून गाडीची पाटी आहे. भुसावळपासून गोंदियापर्यंतच्या माणसाने ती पाटी गीतांजलीवर, मेलवर लहानपणापासून वाचलेली असते, आणि रूळ संपतात तिथे नुसते स्टेशन असावे अशी त्याची समजूत असते. कोलकातेकरांची समजूत फारशी वेगळी नाही. हुगळीच्या पलीकडे गाडी पकडायला जायचे असते, एवढेच त्यांना हावड्याबद्दल ठाऊक. प्रत्यक्षात स्टेशनच्या मागे एक अख्खे शहर दिवसभर लोखंड कापत, तासत आणि ओतत बसलेले आहे. बेलिलियस रोडच्या गल्ल्यांत लेथच्या आवाजात दोन माणसे बोलत असतील तर ती भांडताहेत असे वाटते. एके काळी या गावाला पूर्वेचे शेफील्ड म्हणत. न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून मान खाली घालून चालणाऱ्याला पायाखालच्या गटाराच्या झाकणावर ‘मेड इन इंडिया’ वाचायला मिळते, त्यांतली कित्येक झाकणे हावड्याच्या फाउंड्र्यांतून गेलेली आहेत.

झाकण झाले तरी त्या बिडात सिलिकॉन किती, मँगनीज किती, फॉस्फरस किती, हे कुणीतरी सांगावे लागते. ते सांगणाऱ्या लहान खासगी प्रयोगशाळा या गल्ल्यांतून असतात, आणि त्यांतल्या एका जिन्याखालच्या, मुख्यतः द्रावणांवर चालणाऱ्या प्रयोगशाळेत मी नोकरीला होतो. वर बोर्ड होता तो इतका गंजलेला की लोखंडाच्या तपासणीची जाहिरात म्हणून तेवढा पुरे होता.

या शहराचे एक एकक आहे. ते मेट्रिक नाही, ब्रिटिशही नाही. ते म्हणजे ‘एकटू एदिक-ओदिक’. थोडेसे इकडे-तिकडे. हावडा स्टेशनात १९२६ पासून दोन तोंडांचे एक मोठे घड्याळ आहे, बोडो घोडी. तिच्याखाली भेटायचे अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पाच वाजता भेटायचे ठरले आणि माणूस पावणेसहाला आला, तर खुद्द त्या घड्याळाखाली उभा राहून तो सांगतो, एकटू एदिक-ओदिक झाले. स्टेशनला लागूनच्या मासळी बाजारात काटा हलत असतानाच मासा पिशवीत पडतो, कारण तेच. गंमत म्हणजे तक्रार कुणीच करत नाही, कारण तक्रार करणाऱ्याला ऑफिसात पोचायला उशीर झालेला असतो आणि तिथे हेच वाक्य त्याला स्वतःला वापरायचे असते.

या शहरात एक रेघ मारून बसलेला फ्लास्क म्हणजे लग्नाच्या मांडवात शिरलेला इन्कम टॅक्सवाला.

आमच्या प्रयोगशाळेत त्याची बाजू घेणारा एकच माणूस होता: हेडबाबू. साठीच्या घरातले, किरकोळ, खिशाला दोन पेने, त्यांतले एक लाल. त्यांनी पहिल्याच दिवशी माझे नाव विचारले, गाव विचारले, आणि ‘अच्छा, बर्गी!’ म्हणून माझी नोंद करून टाकली. बंगालमध्ये मराठी माणसाला हे ऐकून घ्यावेच लागते. नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार १७४२ च्या सुमाराला बंगालवर चालून आले, दहा वर्षे येतच राहिले, आणि त्यांच्या नावाने बंगाली आया पोरांना अजून निजवतात. आपण शाळेत अटकेपर्यंतचा इतिहास शिकतो. हे उलट्या दिशेचे पान आपल्याला हावड्यात उतरल्यावर कळते.

हेडबाबूंना या विषयाचे अजीर्ण कधीच झाले नाही. मराठे येणार म्हणून कोलकात्याच्या लोकांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला, तो मराठा डिच. सात मैलांचा बेत होता; तीन मैल खणून झाले, मराठे काही आले नाहीत, आणि काम थांबले. ‘तुम्ही आला असता तर आमचा खंदक पूर्ण झाला असता,’ हेडबाबू मला सुनावत. जणू मी वैयक्तिक दगा दिला. ‘बंगालमधले पहिले अपुरे आकारमान तुमच्यामुळे.’

पुढे तो खंदक बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड नेला. आणि याच अप्पर सर्क्युलर रोडवरच्या ९१ नंबरच्या भाड्याच्या घरात १८९२ साली प्रफुल्लचंद्र राय यांनी सातशे रुपयांच्या भांडवलावर औषधे आणि रसायने करायला सुरुवात केली. त्याचीच पुढे १९०१ मध्ये बेंगॉल केमिकल कंपनी झाली. म्हणजे मराठ्यांच्या धास्तीने खणलेल्या मातीवर बंगालच्या रसायन उद्योगाचा पाया पडला. हा मुद्दा मी एकदा हेडबाबूंपुढे ठेवला. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि म्हणाले, ‘मग भाडे मागतोस की काय?’

त्यांचा आणखी एक राग फळीवरच्या काचेवर होता. आमचे बरेचसे फ्लास्क बोरोसिलचे, म्हणजे मुंबईच्या कंपनीचे. ‘आधी घोडे पाठवलेत, आता चंबू,’ ते म्हणायचे. मीही मग लोकमान्यांच्या काळापर्यंत मागे जायचो. अंताजी दामोदर काळे यांनी गावोगाव पैसा-पैसा गोळा केला आणि त्या पैसाफंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना उभा राहिला, हे त्यांना ऐकवायचो. यावर ते सरकारी काच-संशोधन संस्था १९५० पासून जादवपुरात आहे, याची आठवण करून देत. असे बराच वेळ चालले की लोखंडाचे नमुने तसेच पडून राहत, आणि फाउंड्रीवाल्याला ‘एकटू एदिक-ओदिक’ होईल असा निरोप जाई.

पण एकदा का द्रावण करायला बसले, की हाच माणूस पार बदलून जायचा.

पोटॅशियम डायक्रोमेटचे ०.१ नॉर्मल द्रावण, २५० मिली. लोखंड मोजायचे तर हे लागतेच. नारिंगी स्फटिक, वजन १.२२६ ग्रॅम, तराजूची काचेची दारे लावून, श्वास रोखून. हे फ्लास्कमध्ये थेट टाकायचे नाही; आधी बीकरमध्ये पाण्यात विरघळवायचे, मग काचेच्या कांडीच्या आधाराने नरसाळ्यातून फ्लास्कमध्ये उतरवायचे. बीकर तीनदा थोड्या-थोड्या पाण्याने धुवायचा आणि ते धुवण फेकायचे नाही, फ्लास्कमध्येच घालायचे. कांडी धुवायची, नरसाळे धुवायचे, तेही आतच. डायक्रोमेटच्या बाबतीत हेडबाबूंची वृत्ती जुन्या घरातल्या आजीची तुपाच्या भांड्याविषयी असते तशी होती. पाऊण फ्लास्क भरला की फिरवून मिसळायचे. रेघेच्या एक सेंटिमीटर खाली थांबायचे. मानेच्या आतल्या भिंतीला चिकटलेले पाणी खाली येईतो वाट बघायची. आणि मग ड्रॉपर.

इथून पुढे प्रयोगशाळेत कुणी शिंकायचे नाही.

पाणी नळीत सपाट बसत नाही, कडांना वर चढते, मध्ये खोलगट होते. त्या खोलगट भागाचा तळ रेघेच्या वरच्या कडेला टेकला पाहिजे. आणि डोळा बरोबर त्याच उंचीवर हवा. वरून पाहिले तर पाणी जास्त दिसते, खालून पाहिले तर कमी. म्हणून तर रेघ मानेभोवती पूर्ण फिरवलेली असते. पुढची आणि मागची रेघ एकात एक मिसळून एकच दिसू लागली, की समजावे आपला डोळा जागेवर आहे. यासाठी फ्लास्क हातात उचलून डोळ्यासमोर धरणारे लोक असतात. हेडबाबूंच्या मते ती माणसे नव्हेत. फ्लास्क टेबलावर राहील; वाकायचे ते माणसाने. त्यामुळे आमच्या प्रयोगशाळेत कुणीही अचानक शिरले, तर चार-पाच प्रौढ माणसे गुडघ्यांत वाकून, एक डोळा मिटून, टेबलाच्या कडेकडे पाहत आहेत असे दृश्य दिसायचे. विम्याचा एक एजंट हे पाहून न बोलता परत गेला होता.

परमँगनेट असेल तर आणखी पंचाईत. ते इतके गडद जांभळे की खोलगटाचा तळ दिसतच नाही. तिथे वरची कड पाहायची. म्हणजे नियम रंग पाहून बदलतो. यावर हेडबाबूंचे भाष्य होते, पण ते सरकारी खात्यांविषयी असल्यामुळे इथे देत नाही.

आमच्याकडे एक नवा ट्रेनी आला होता. बी.एस्सी. ताजा, हात चपळ. त्याने ड्रॉपरऐवजी वॉश बॉटल दाबली आणि पाणी रेघेच्या वर चार मिलिमीटर जाऊन बसले. पोरगा हुशार, कुणी पाहायच्या आत त्याने पिपेट घालून जास्तीचे पाणी ओढून घेतले, आणि पातळी रेघेला सुबक टेकवली. हेडबाबूंची पाठ होती त्याच्याकडे. तरी कळले. कसे, ते मला अजून उमगलेले नाही. बहुधा पिपेटचा तो सुर्र आवाज.

‘काय काढलेस?’

‘जास्तीचे पाणी, सर.’

‘ते पाणी नव्हे. त्यात माझे डायक्रोमेट आहे. ते परत दे.’

पोराने पिपेटमधले खरोखरच परत फ्लास्कमध्ये सोडले. हेडबाबूंनी डोळे मिटले. मग तो अख्खा फ्लास्क बेसिनकडे गेला, आणि १.२२६ ग्रॅमची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. या चंबूची खरी दहशत हीच. एक थेंब कमी असेल तर घालता येतो. एक थेंब जास्त झाला तर जगातली कोणतीही शक्ती तो काढू शकत नाही. पूर्वी केलेल्या पापाला प्रायश्चित्त आहे अशी आपल्याकडे सोय आहे. व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कच्या धर्मात ती नाही.

त्या पोराने दुसरा धक्का घेतला तो तराजूवर. शंभर मिलीचा फ्लास्क बरोबर आहे का, हे पाणी भरून, वजन करून तपासतात. शंभर मिली पाणी म्हणजे शंभर ग्रॅम, असे त्याला पाचवीपासून पाठ. तराजूने ९९.५५ दाखवले. फ्लास्कने जवळपास अर्धा ग्रॅम खाल्ला असा त्याचा ग्रह झाला आणि तो फ्लास्क बाजूला काढून ‘खराब’ अशी चिठ्ठी लावायला निघाला. वास्तविक फ्लास्क निर्दोष होता. २७ अंशांना पाणी थोडे फुगलेले असते, म्हणून शंभर मिलीत मावते कमी. वर भवतालची हवा त्याला उचलून धरते, ते आणखी शंभर-एक मिलिग्रॅम. हेडबाबूंनी हे सारे फळ्यावर करून दाखवले. पोरगा म्हणाला, ‘म्हणजे पाणीपण एदिक-ओदिक?’ हेडबाबूंना हे वाक्य आवडले असावे, कारण ते रागावले नाहीत.

२७ अंशांचे एक वेगळेच प्रकरण आहे. प्रत्येक फ्लास्कवर तापमान छापलेले असते: या तापमानाला माझे माप खरे. युरोपातल्या फ्लास्कवर २० अंश. आपल्या भारतीय मानकाने, आयएस ९१५ ने, आपला स्वभाव ओळखून २७ अंश धरले. आमच्या कपाटात एक जुना जर्मन फ्लास्क होता, २० अंशवाला, आणि त्याच्या शेजारी २७ अंशवाले देशी. जर्मन लिटर २७ अंशांना नेला तर त्याची काच फुगून आत साधारण ०.०७ मिली जास्त मावेल, म्हणजे दोघांच्या वादाचा मुद्दा जेमतेम दीड थेंबाचा. काचेचे एवढेच. पाण्याचे तसे नाही. २७ अंशांना रेघेपर्यंत भरलेले एक लिटर पाणी ३५ अंशांना गेले, तर अडीच मिलीने वर चढते. आणि हावड्याला मे महिन्यात ३५ अंश म्हणजे गार वाऱ्याची झुळूक.

म्हणून आमच्याकडे एसी होता. माणसांसाठी नव्हे. तराजूच्या आणि फ्लास्कच्या खोलीत तो चाले, बाहेर पंखा. फाउंड्रीवाल्यांना याचे फार नवल. त्यांच्याकडे भट्टीसमोर माणसे उघड्या अंगाने उभी, आणि इथे काचेच्या बाटल्या थंड हवा खात बसलेल्या! एकदा दुपारी वीज गेली तेव्हा हेडबाबूंनी घामाघूम होत, हातातल्या वर्तमानपत्राने वारा घातला. स्वतःला नाही, द्रावण निवत ठेवले होते त्या बीकरला.

आता खुद्द लिटरची गोष्ट. पिपेट, ब्युरेट ही नावे फ्रान्सच्या गे-ल्युसॅकने १८२४ मध्ये चलनात आणली. कोब्लेंट्सच्या कार्ल फ्रीडरिख मोहर नावाच्या औषधविक्याने १८५५ मध्ये टायट्रेशनचे, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण सोडून मोजण्याचे, जाडजूड पुस्तक लिहिले आणि सोयीसाठी स्वतःचा एक लिटरही ठरवला. तो खऱ्या लिटरपेक्षा सुमारे दोन मिली मोठा. कोकणातल्या एखाद्या भाऊबंदकीतसुद्धा एवढी जमीन सरकवायला तीन पिढ्या लागतात. मोहर महाशयांनी ती एका पुस्तकात सरकवली आणि निम्म्या युरोपातले फ्लास्क त्या मापाने निघाले. पुढे १९०१ मध्ये सगळ्या देशांनी मिळून ठरवले की एक किलो पाण्याचे, ते सर्वांत दाट असतानाचे आकारमान म्हणजे लिटर. नंतर लक्षात आले की हे हजार घन सेंटिमीटरपेक्षा २८ घन मिलिमीटरने जास्त भरते. अंदाजे अर्धा थेंब. त्या अर्ध्या थेंबावर जगातल्या विद्वानांनी साठाहून अधिक वर्षे विचार केला आणि १९६४ मध्ये तो थेंब रद्द झाला. हेडबाबूंना हा इतिहास फार प्रिय. बंगाली माणसाला एखादी समिती साठ वर्षे चालल्याचे ऐकून जे समाधान मिळते, ते इतर कशाने मिळत नाही.

तरीही मुद्दा राहतोच. ज्या फ्लास्कला आम्ही एवढे घाबरत होतो, त्याच्या पोटावर नीट पाहिले तर काय छापलेले असते? क्षमता १०० मिली. ‘इन’ अशी दोन अक्षरे. आणि मग, अधिक-उणे ०.१०.

अधिक-उणे! २५० वाल्यावर ०.१५, लिटरवर ०.४०. हे पहिल्या दर्जाच्या, ‘ए’ वर्गाच्या फ्लास्कचे. ‘बी’ वर्गाला याच्या दुप्पट माफी. म्हणजे हा कडकलक्ष्मीचा अवतारही एदिक-ओदिकवालाच निघाला. फरक एवढाच की आपण किती चुकू शकतो हे तो अगोदर, काचेत भाजून, न पुसल्या जाणाऱ्या शाईने लिहून ठेवतो. मला याचे मोठे कौतुक वाटते. लग्नाच्या बाजारात, निवडणुकीच्या सभेत, रेल्वेच्या वेळापत्रकात, कुठेही माझ्या पाहण्यात असे पोट आलेले नाही. एखाद्या ज्योतिषाने पाटीवर ‘अधिक-उणे तीन मुली’ असे लिहिले आहे का? २५० वाल्याचे ०.१५ म्हणजे अंदाजे तीन थेंब. तेही कारखान्याच्या वाट्याचे. भरणाऱ्याच्या वाट्याला शून्य.

‘इन’ या अक्षरांवरून मात्र आमच्याकडे रीतसर भांडण झाले होते. ‘इन’चा अर्थ: आत शंभर मिली मावते. ओतून घेतलेत तर बाहेर शंभर येईलच असे नाही. भिंतीला थोडे चिकटून राहणार. ओतून देण्याचे माप हवे तर पिपेट घ्या, तिच्यावर ‘एक्स’ असते. ट्रेनीला हे काही केल्या पटेना. मावते ते निघत नाही म्हणजे काय? चार वाजता मातीच्या भाँडमधून चहा आला तेव्हा हेडबाबूंनी त्यातला चहा काचेच्या सिलिंडरमध्ये ओतायला लावला. चहावाल्याने भाँड काठोकाठ भरला होता. सिलिंडरमध्ये आला त्याहून बराच कमी, कारण कोरडी माती आपला वाटा पिऊन बसली होती. ‘चहावाला म्हणतो, दिला. तू म्हणतोस, मिळाला नाही. दोघेही खरे,’ हेडबाबू म्हणाले. पोराला कळले. चहावाल्याला मात्र सिलिंडर दिसला आणि त्याने आठ दिवस आमच्याकडे येणे बंद केले.

कधीतरी ऑडिट व्हायचे. नीटनेटके कपडे, जाड फाइल, आणि एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत: तुमची अनिश्चितता किती? सगळ्या प्रयोगशाळेला घाम फुटायचा. ऑडिटरने एकदा हेडबाबूंना सरळ विचारले, ‘तुमचे रिझल्ट अचूक असतात का?’

‘नाही,’ हेडबाबू शांतपणे म्हणाले. ‘एकटू एदिक-ओदिक असतेच.’

आमची शुद्ध हरपायची वेळ आली. ऑडिटरने पेन उघडले. हेडबाबूंनी कपाटातून फ्लास्कची वही काढली: प्रत्येक फ्लास्कचा नंबर, पाण्याचे वजन, तापमान, निघालेले आकारमान, फरक किती, पुन्हा कधी तपासायचा. तराजूची वेगळी. पिपेटची वेगळी. सगळे लाल पेनने. ‘किती एदिक आणि किती ओदिक, ते इथे लिहिले आहे.’ ऑडिटर दीड तास ती वही वाचत बसला आणि शेवटी त्याने मागितला तो फक्त चहा. तोही सिलिंडर लपवून ठेवल्यावर आला.

या काटेकोरपणाचा उतारा हवा असेल तर हावडा ब्रिजवर जावे. मी संध्याकाळी चालत जायचो. साडेसव्वीस हजार टन पोलाद, सगळे रिव्हेटवर, नटबोल्टाशिवाय. ३ फेब्रुवारी १९४३ ला वाहतूक सुरू झाली. जपान्यांच्या बॉम्बना तो पुरून उरला. पानाला पुरला नाही. जाणारे-येणारे त्याच्या खांबांच्या पायथ्याशी इतक्या निष्ठेने पिंका टाकत आले, की खांबांना जपणाऱ्या पोलादी आवरणांची जाडी सहा मिलिमीटरवरून तीनच्याही खाली आल्याचे पोर्ट ट्रस्टच्या २०११ च्या पाहणीत निघाले. तेही चार वर्षांत. मग तिथे फायबरची आवरणे बसवावी लागली. चुना, कात, सुपारी आणि लाळ यांचे द्रावण, अनिश्चित तीव्रतेचे, रोज लाखो हातांनी, म्हणजे तोंडांनी, थेंबाथेंबाने पोलादावर सोडलेले. हेडबाबूंच्या मते जगातले हे सर्वांत मोठे टायट्रेशन होते, आणि त्यात एकच त्रुटी राहिली. ब्युरेटचे रीडिंग कुणी लिहून ठेवले नाही.

फ्लास्कची अब्रू पणाला लागल्याचा एक प्रसंग सांगून थांबतो. एका फाउंड्रीचे मालक आले. चुरगळलेला सदरा, हातात मोबाइल, मागे नमुन्याची पिशवी घेतलेला पोऱ्या. त्यांच्या बिडात फॉस्फरस ०.१८ टक्के निघाला होता; खरेदीदाराची मर्यादा ०.१५. माल बंदराकडे निघायच्या बेतात.

‘दादा,’ मालक अजिजीने म्हणाले, ‘एकटू एदिक-ओदिक करून द्या.’

हेडबाबू उठले, शंभरचा फ्लास्क घेऊन आले आणि त्याच्या पोटावरच्या आकड्यावर लाल पेन टेकवले. ‘हे बघा. सरकारमान्य एदिक-ओदिक. शंभरात ०.१०. तेवढे सगळे तुमच्या बाजूने धरले, तर तुमचे ०.१८ होईल ०.१७९८. चालेल?’

मालकांनी मोबाइलवर हिशेब केला. चालण्यासारखे नव्हते. ते थोडा वेळ फळीकडे पाहत राहिले. लहान-मोठे सगळे चंबू ओळीने उभे होते.

‘तुम्ही हे रंग बघून सांगता ना? निळा जास्त, तर फॉस्फरस जास्त?’

‘हो.’

‘मग एवढ्या छोट्यात कशाला करता?’ त्यांनी २५० वाल्याकडे बोट दाखवले. ‘त्यात करा. पाणी जास्त पडेल, रंग फिका होईल.’

खोलीत शांतता पसरली. हेडबाबूंनी मालकांकडे पाहिले, मग सावकाश ट्रेनीकडे वळून पाहिले.

‘ऐकलेस? महिनाभर तुला डायल्यूशन शिकवतोय मी. यांना बघून कळले.’ मग पोऱ्याला हाक मारून त्यांनी मालकांसाठी चहा सांगितला, खुर्ची पुढे केली, ‘बोशून’ म्हणाले, आणि मनापासून विचारले, ‘कॉलेजात केमिस्ट्री होती का?’

रिपोर्ट ०.१८ चाच गेला. जाताना जिन्याशी थांबून मालक मला विचारून गेले, हजारवाला केवढ्याला मिळतो.